गाईची जीभ आणि ऑल्टोचं टायर

मी जनावरांचा डॉक्टर. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यांमध्ये फिरतो तो २००९ च्या ऑल्टोने. मागच्या उन्हाळ्यात पंक्चरवाल्याने पुढचं डावं टायर खोललं आणि मला हाक मारली, "डॉक्टर, हे पाहा तुमचं टायर!" बाहेरून नक्षी शाबूत, आतल्या कडेला तार उघडी पडलेली. टायर वर्षाचंसुद्धा नव्हतं. त्याआधी दोनदा अलाइनमेंटचे, म्हणजे मशीनवर चाकांचे कोन जुळवून घेण्याचे, पैसे भरून झाले होते, दोन्ही वेळा सगळं ठीक सांगणारा हिरव्या आकड्यांचा कागद मिळाला होता. गाडीखाली वाकून मात्र कोणीच पाहिलं नव्हतं. मीही नाही, आणि मी दिवसभर म्हशींच्या पोटाखाली वाकत असतो.

तेव्हा तुम्ही आधी वाका. सकाळी, गाडी काढायच्या आत. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे एरवी लपलेली आतली कड दिसते. मागच्या टायरांसाठी मोबाइलचा टॉर्च घेऊन जमिनीवर बसावंच लागतं. मग आगपेटीच्या तीन काड्या घ्या. एक आतल्या कडेजवळच्या खाचेत, एक मधल्या, एक बाहेरच्या. प्रत्येक काडी तळाला टेकवून रबराच्या पातळीवर नखाने खूण करा आणि तिन्ही बॉनेटवर शेजारी-शेजारी ठेवा. खुणा एका रेषेत आल्या तर टायर सारखं झिजतंय. माझ्या आतल्या काडीवर खूण करायला जागाच नव्हती. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपलं, कायद्यानेही.

दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत, तर हवा कमी. मध्य झिजला तर हवा जास्त. एवढं सगळ्यांनाच माहीत असतं, तरी आपल्याकडे हवा लाथ मारून तपासतात. रेडियल टायरचं पोट हवा बरोबर असतानाही थोडं सुटलेलंच दिसतं, डोळ्यांवर जाऊ नका. स्वतःचं मीटर ठेवा, आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहा, आणि टायर थंड असताना मोजा. उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, नाहीतर टायर फुटते, हा सल्ला मी तीन उन्हाळे पाळला. तो साफ उलटा आहे. कमी हवेचं टायर जास्त दबतं, जास्त तापतं. यवतमाळहून येताना तापलेल्या टायरात हवा जास्त दिसेलच, ती काढू नका.

एकच कड झिजली असेल तर काडीचं काम संपलं, आता हात. तळवा नक्षीवरून आडवा फिरवा, आतून बाहेर, मग बाहेरून आत. तार दिसत असेल तिथे मात्र हात नको, बोट कापतं. गाईच्या तोंडात हात घातला तर जाताना जीभ गुळगुळीत लागते आणि काढताना खरखरते, कारण तिच्यावरचे काटे घशाकडे वळलेले असतात. टायर तसंच एका दिशेने गुळगुळीत आणि दुसरीकडून अडत असेल तर दोष टो चा. दोन्ही चाकं एकमेकांशी समांतर नाहीत, टायर पुढे जाताना आडवंही घासतंय. कड झिजलीय पण हात दोन्हीकडून सारखाच फिरतो, तर संशय कॅम्बरवर, म्हणजे चाक वरून आत किंवा बाहेर कललंय. ऑल्टोसारख्या गाडीत अलाइनमेंटवाला टो फिरवून देतो, कॅम्बर सहसा नाही. तिथे वाकलेला किंवा सैल पडलेला भागच शोधावा लागतो.

टायरच्या गोलाईवर खड्डे लागले, खाली-वर, खाली-वर, तर दोष शॉकअपचा, म्हणजे चाकाचे हेलकावे थांबवणाऱ्या दांड्याचा, किंवा बॅलन्सिंगचा, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नाही. अशी गाडी चालताना हूं-हूं करते आणि लोक उगाच बेअरिंग बदलतात. गाडीच्या कोपऱ्यावर भार देऊन दाबा आणि सोडा. एका हेलकाव्यात थांबली तर ठीक, डोलत राहिली तर शॉकअप गेला.

आता जॅक. काळ्या मातीत जॅक खचतो, खाली फळी घ्या, मागच्या चाकांना दगड लावा, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. चाक डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवा. खटखट आली तर स्टेअरिंग चाकाला जोडणाऱ्या टाय रॉडचा एंड, म्हणजे टोकाचा सांधा, पाहा. वर-खाली धरून हलवलं आणि खेळ जाणवला, तर आत कोणाला तरी बसवा. मी पुतण्याला बसवलं.

"काका, ब्रेक दाबू का?"

"दाब अन् धरून ठेव, सोडू नको बाप्पा."

ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट, म्हणजे चाकाजवळचा गोळ्याचा सांधा. माझ्या गाडीत दोन्ही ठीक निघाले. मग लोअर आर्मच्या, म्हणजे चाक गाडीला जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, रबरी बुशजवळ छोटी सब्बल टेकवून हलकेच उचललं, आणि आर्म खट्कन सरकला. रबर फाटलेलं होतं. मशीनवर गाडी उभी असताना चाक सरळच दिसायचं, ब्रेक मारला की आर्म मागे सरकायचा आणि चाक तिरकं व्हायचं. मशीनचा हिरवा आकडा खोटा नव्हता, पण तो उभ्या गाडीचा होता.

डाव्याच बाजूला का, तर आपला रस्ता. समोरून एसटी आली की डावी चाकं डांबराच्या कडेवरून खाली उतरवायची आणि ती गेली की परत चढवायची. दिवसातून वीसदा. आता मी उतरताना वेग टाकतो आणि चढताना चाक थोडं वळवून घेतो, कडेला घासत नेत नाही.

आधी सैल भाग बदला, मग अलाइनमेंट, मग नवं टायर. मी उलट्या क्रमाने गेलो आणि एक टायर घालवलं. चाकांची अदलाबदल करणार असाल तर त्याआधी कोणतं टायर कुठे होतं आणि कसं झिजलं ते लिहून ठेवा, नाहीतर पुरावाच फिरून जातो. माझी नोंद लसीकरणाच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर आहे. तिथेच टायरच्या बाजूवरचा चार आकड्यांचा शिक्काही उतरवलाय. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. इतकं जुनं आणि बाजूला भेगा पडलेलं टायर असेल तर नक्षी कितीही असो, समृद्धीवर १२० ने नेऊ नका.

बुश बदलून अलाइनमेंट केल्यावर हजार किलोमीटरने परत तळवा फिरवला. दोन्हीकडून सारखाच गेला.