शाळेचा निरोप घरी पोहोचावा म्हणून

जून महिन्यात शाळा उघडली की वर्गशिक्षकाचा हजेरीपट तयार होतो, विद्यार्थ्यांच्या माहितीच्या सरकारी 'सरल' या संगणकीय प्रणालीतील नोंदी तपासल्या जातात आणि आधारचे तपशील जुळवले जातात. मुंबई महापालिकेच्या शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकाने याच आठवड्यात आणखी एक वही सुरू करावी, जी कोणतेही कार्यालय मागत नाही. त्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: घरी त्याच्या शाळेचे कोण पाहते, त्या व्यक्तीला कोणती भाषा वाचता येते किंवा वाचताच येत नाही, आणि घरातला फोन दिवसा कोणाच्या हातात असतो. प्रवेश अर्जावर बहुधा वडिलांचे नाव आणि वडिलांचाच क्रमांक असतो. परंतु वडील सकाळीच रिक्षा घेऊन किंवा नाक्यावर काम शोधायला बाहेर पडलेले असतात, आणि मुलाचा डबा, दप्तर, आजारपण हे सगळे सांभाळणारी आई, आजी किंवा आठवीतली थोरली बहीण असते. निरोप तिच्यापर्यंत गेला तरच तो घरी पोहोचला असे समजावे. प्रीपेड क्रमांक सतत बदलतात, म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर ही वही पुन्हा एकदा मुलांकडून तपासून घ्यावी.

हे काम हौसेचे नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २४ मध्ये शिक्षकाची जी कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना सांगणे हे स्पष्टपणे नोंदवलेले आहे. खिचडीच्या हिशेबाला आपण जितके महत्त्व देतो, तितकेच या कर्तव्यालाही द्यायला हवे.

सूचना कशी लिहावी, हे मी एका चुकीतून शिकले. आधार अद्ययावत करण्याच्या शिबिराची सूचना मी वर्गाच्या गटावर 'येत्या शनिवारी' असे लिहून पाठवली. एका मुलाच्या आईकडे स्वतःचा फोन नव्हता. शेजारणीने तो संदेश तिला आठवडाभर उशिरा वाचून दाखवला. ती पुढच्या शनिवारी दोन घरची कामे सोडून, मुलाला स्वच्छ गणवेश घालून, कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून शाळेच्या दारात उभी राहिली, तेव्हा शिबिर होऊन गेले होते. तिने एका शब्दाने तक्रार केली नाही, आणि तेच मला अधिक लागले. त्या दिवसापासून 'उद्या', 'परवा', 'येत्या' हे शब्द मी सूचनेत वापरत नाही. सूचना अशी असावी:

'शनिवार, १२ जुलै २०२५. सकाळी ९ ते १२. शाळेच्या तळमजल्यावर आधार शिबिर आहे. मुलाला आणि त्याचे आधारकार्ड घेऊन या. येता येणार नसेल तर वर्गशिक्षिकेला कळवा, दुसरी तारीख सांगू.'

वार, तारीख, वर्ष, वेळ, जागा, काय आणायचे आणि न जमल्यास काय करायचे, एवढे त्यात आले. वर्ष लिहिण्याचे कारण पावसाळ्यात कळते, कारण गेल्या वर्षीचे सुट्टीचे संदेश तेव्हा नव्याने फिरू लागतात. एका संदेशात एकच काम सांगावे. परिपत्रकाचे छायाचित्र काढून गटावर टाकणे म्हणजे कळवणे नव्हे. परिपत्रक शाळेसाठी लिहिलेले असते, त्यातली पालकाने करायची गोष्ट तेवढी वेगळी काढून सांगणे हे आपले काम आहे. ज्या घरी वाचणारे कोणी नाही, तिथे तोच मजकूर स्वतःच्या आवाजात, अर्ध्या मिनिटात, सावकाश बोलून पाठवावा. ओळखीच्या बाईंचा आवाज आई दोनदा ऐकते, असा माझा अनुभव आहे.

पावसाची तयारी जूनमध्येच करावी लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि शाळेत गेलेले मूल रात्री कुठे आहे हे न कळणे म्हणजे काय, ते त्या दिवशी अनेक घरांनी सोसले. साडेचार मीटरहून उंच भरती कोणत्या दिवशी येणार, याची यादी महापालिका पावसाळ्यापूर्वी जाहीर करते. ती फळ्याशेजारी लावावी आणि त्या तारखा मुलांकडून वहीत लिहून घ्याव्यात. पहिल्याच पालकसभेत तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात: सुट्टीची बातमी महापालिकेची घोषणा पाहिल्यानंतरच शाळा देईल आणि ती अमुक एका व्यक्तीच्या क्रमांकावरूनच येईल, सकाळचे सत्र सुरू असताना सुट्टी जाहीर झाली, तर मूल वहीत नोंदवलेल्या व्यक्तीच्याच हाती दिले जाईल, आणि ती व्यक्ती येईपर्यंत मूल शाळेतच, शिक्षकांच्या नजरेसमोर राहील. हे आधी माहीत असले की आई पाण्यातून धावत सुटत नाही. महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६ हा क्रमांकही त्याच सभेत पाठ करून घ्यावा.

महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात, आणि पुष्कळदा एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांच्या शाळा भरतात. उर्दू शाळेची सुट्टी सकाळी सातला कळली आणि मराठी शाळेची साडेसातला, तर वस्तीतल्या एकाच गल्लीत दोन बातम्या पोहोचतात आणि दोन्हींवरचा विश्वास उडतो. इमारतीतल्या मुख्याध्यापकांनी मजकूर एकत्र ठरवून, आपापल्या भाषेत, एकाच वेळी पाठवावा. माध्यम मराठी असले तरी आई मराठी वाचते असे गृहीत धरू नये.

गटावर काय पाठवू नये, हेही तितकेच ठरलेले असावे. गैरहजर मुलांची नावे, गुण, आधारकार्डाची छायाचित्रे आणि कोणाच्या घरच्या अडचणी यांपैकी काहीही गटावर जाता कामा नये. मूल सलग दोन दिवस आले नाही तर फोन करावा, आणि पहिले वाक्य 'का आला नाही?' असे नसावे. 'ताई, सलमान बरा आहे ना?' असे विचारले की पुढचे सगळे आपोआप कळते. तक्रार सांगण्यासाठीच शाळेचा फोन येतो, अशी समजूत झालेल्या घरात फोन उचललाच जात नाही. म्हणून वर्षातून एकदा तरी प्रत्येक घरी केवळ चांगले सांगण्यासाठी फोन करावा.

प्रगतीबद्दल बोलताना प्रगतीपत्रकातल्या वर्णनात्मक नोंदींची भाषा बाजूला ठेवावी. मुलाची वही उघडून 'जूनमध्ये तो हातच्याची वजाबाकी करत नव्हता, आता ही पाहा' असे दाखवावे. पाचवी आणि आठवीच्या पालकांना वर्षाच्या सुरुवातीलाच सांगावे की या दोन इयत्तांना आता वार्षिक परीक्षा आहे आणि अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला पुनर्परीक्षेची संधी मिळते. हे मार्च-एप्रिलमध्ये सांगणे अन्यायाचे आहे. सभेची वेळ मात्र पालकांना विचारून ठेवावी. धुणीभांडी करणाऱ्या आयांना दुपारी तीन-साडेतीनची वेळ जमते, बांधकामावर जाणाऱ्यांना सुट्टीचा दिवसच लागतो.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने ७५ टक्के सदस्य पालक आणि ५० टक्के महिला असतात. त्यांच्याकडून केवळ सह्या घेणे ही या तरतुदीची नासाडी आहे. शक्य तिथे एका गल्लीसाठी एक सदस्य माता ठरवावी. जिथे फोन पोहोचत नाही तिथे तिने निरोप द्यावा, आणि तिने आणलेला प्रश्न पुढच्या बैठकीत पहिला घ्यावा. बैठकीत काय ठरले आणि कोणत्या अनुदानातून काय आणले, हे सोप्या भाषेत चार ओळींत प्रवेशद्वाराजवळ लावावे. गणवेश, बूट, दप्तर, छत्री अशा ज्या वस्तू महापालिका मोफत देते, त्यांची यादीही तिथेच असावी. कोणत्या वस्तू आल्या आणि कोणत्या यायच्या आहेत हे न कळल्यामुळे उधारीवर बूट घेणारी घरे मी पाहिली आहेत.

वर्षाच्या मध्येच गावी निघणाऱ्या कुटुंबाला बहुतेक वेळा कोणी काही सांगत नाही. मूल दुसऱ्या शाळेत जाणार असेल, तर शाळा सोडल्याचा दाखला तात्काळ देणे मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे त्यांना निघण्यापूर्वी समजावून सांगावे. दाखल्याची एक छायाप्रत, शेवटचे प्रगतीपत्रक आणि वर्गशिक्षकाचा क्रमांक एका पाकिटात घालून ते आईच्या हाती द्यावे. महिन्याभराने आपणच फोन करून विचारावे की मूल शाळेत बसले का. नसेल बसले, तर तिथल्या मुख्याध्यापकांशी आपण बोलावे.