साठ वह्यांत साठ वेगळी उत्तरं

पोर्शन संपवायचा आहे, चाचणी डोक्यावर आहे, वर्गात साठ मुलं आहेत आणि तासिका जेमतेम पस्तीस मिनिटांची. अशा शाळेत सर्जनशीलतेसाठी वेगळा तास मागत बसलात तर वर्ष निघून जाईल. त्यापेक्षा प्रश्नपत्रिका समोर घ्या. दहावीच्या मराठी प्रथम भाषेच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत. पत्र किंवा सारांश, मग बातमी, जाहिरात, कथा, आणि शेवटी प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन. शिवाय उताऱ्यांखाली स्वमताचे प्रश्न असतातच. मुलाने स्वतःचं काही लिहावं म्हणून बोर्डानेच ही जागा ठेवली आहे, आणि आपण ती तयार निबंध उतरवून देऊन भरून टाकतो.

सुरुवात आत्मकथनापासून करा, कारण पाठांतराचा फोलपणा तिथे लगेच दिसतो. 'नदीचे मनोगत' दिलं की साठांपैकी बहुतेक वह्यांत पहिलं वाक्य एकच येतं: 'नमस्कार मित्रांनो, मी नदी बोलते आहे.' हे वाक्य फळ्यावर लिहून त्यावर काट मारा. आजच्या दिवसापुरती त्याला बंदी. मग तीन प्रश्न विचारा. महिना कोणता? नदी नेमकी कुठे उभं राहून पाहायची, पुलाखाली, घाटावर की पंपाच्या विहिरीपाशी? आत्ता पाण्यात काय दिसतंय? उत्तरं तोंडी घेऊ नका. तोंडी घेतली की पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाचं उत्तर सगळ्या वर्गाचं होतं. चार मिनिटं पूर्ण शांततेत, प्रत्येकाने आपापल्या चतकोर कागदावर लिहायचं. वहीत नको. वहीत चुकण्याची भीती असते, कागद फेकता येतो. त्यानंतर त्याच तीन उत्तरांतून पहिली दोन वाक्यं तयार करायची, त्याला आणखी सहा मिनिटं.

यातून काय निघतं? 'पुलाच्या तिसऱ्या खांबापाशी माझं पाणी आता घोटाभर उरलंय. वैशाखात पोरं माझ्यात पोहत नाहीत, क्रिकेट खेळतात.' व्याकरण तेच आहे, शब्दही सातवीच्या मुलाचेच आहेत, पण हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या वहीत सापडणार नाही. तासाच्या शेवटी अशा चार-पाच सुरुवाती मोठ्याने वाचा, नावं न सांगता. लगेच 'सगळ्यात छान कोणती' असं विचारू नका. 'कोणता शब्द डोळ्यांसमोर आला' एवढंच विचारा.

कथालेखनालाही हीच रीत चालते, थोडा फरक करून. दिलेल्या शब्दांवरून प्रत्येकाने तीन शेवट लिहायचे, एकेका ओळीत, आणि पहिला खोडायचा. पहिला शेवट बहुधा 'तेव्हापासून तो प्रामाणिक झाला' असाच असतो. औपचारिक पत्रात मात्र प्रयोग नकोत. तिथे तारीख, प्रति, विषय, मायना या आराखड्याला गुण असतात, तो चोख पाठ करून घ्या. मोकळं कुठे व्हायचं आणि चौकट कुठे पाळायची, हे मुलांना स्पष्ट सांगितलं की तीही निर्धास्त होतात आणि पालकही.

गणितात प्रश्न उलटा करा. 'लांबी ९, रुंदी ४, क्षेत्रफळ काढा' याऐवजी 'क्षेत्रफळ ३६ चौसेमी येईल असे जितके आयत सुचतील तितके काढा.' पूर्णांकांत पाच मिळतात: १×३६, २×१८, ३×१२, ४×९ आणि ६×६. सहा-सहाचा आयत म्हणायचा की नाही यावर वाद होईल, होऊ द्या. चौरसाची व्याख्या त्या पाच मिनिटांत कायमची बसते. मग परिमिती काढायला सांगा. ७४ पासून २४ पर्यंत उतरत जाते आणि 'क्षेत्रफळ तेच, मग कुंपण कमी कसं लागलं?' हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. कुणी ८×४.५ घेऊन आलं तर खरा आनंद माना. पाया १२ आणि उंची ६ चा त्रिकोण आणणारं मूल पुढच्या धड्यात पोहोचलं आहे. एवढं करायला वीस मिनिटं लागतात आणि साच्यातल्या दहा उदाहरणांचा सराव त्यातच होऊन जातो.

सर्वांत जास्त वेळ आणि पैसा वाया जातो तो प्रकल्पांत. स्टेशनरीच्या दुकानातून आणलेला ज्वालामुखी आणि नेटवरची रंगीत प्रिंट यांत मुलाचं काहीच नसतं. तीन अटी घाला: खर्च वीस रुपयांच्या आत, विषय प्रश्नाच्या रूपात, आणि प्रश्नात 'किती' किंवा 'कशात जास्त' हे शब्द हवेतच. उदाहरणार्थ, ओलं फडकं गुंडाळलेल्या तांब्यातलं पाणी किती अंशांनी गार होतं? दोन सारखे तांबे, प्रत्येकात ५०० मिली पाणी, एकाला ओलं सुती फडकं, दोन्ही सावलीत शेजारी-शेजारी. दर अर्ध्या तासाने नोंद, चार वेळा, असं तीन दिवस. थर्मामीटर प्रयोगशाळेतला हवा. तापाचा चालत नाही, तो ३५ अंशांच्या आसपास सुरू होतो. नेहमीची चूक म्हणजे एक तांब्या उन्हात आणि दुसरा सावलीत ठेवणं. मग फरक फडक्याने पडला की उन्हाने, हे कळायला मार्गच उरत नाही.

हाच प्रयोग जुलैमध्ये केला तर फरक अगदी थोडा येईल, कारण दमट हवेत बाष्पीभवन मंदावतं. 'माझा प्रयोग फसला' म्हणत मूल रडवेलं होईल किंवा आकडे बदलून आणेल. म्हणून गुणांची वाटणी आधीच फळ्यावर लिहा. दहापैकी प्रश्नाला २, नोंदींना ४, अंदाज बरोबर आला की चुकला आणि का यासाठी २, तोंडी प्रश्नांना २. सजावटीला शून्य. अंदाज चुकूनही कारण शोधणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात हे एकदा दिसलं की खोटे आकडे येणं कमी होतं.

हे सगळं कागदावर कुठे दाखवायचं, असा प्रश्न मुख्याध्यापक विचारतीलच. सातवीत १०० पैकी ४० गुण आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे वर्गात चालू असलेल्या कामावरून द्यायचे असतात, आणि उपक्रम, प्रकल्प, तोंडी काम, स्वाध्याय ही त्याची मान्य साधनं आहेत. टाचणात (पाठाच्या तयारीच्या वहीत) त्याच शब्दांत नोंद करा आणि चतकोर कागद मुलाच्या नावाच्या पाकिटात पुरावा म्हणून ठेवा.

तपासणीत दमू नका. साठ वह्या, प्रत्येकी तीन मिनिटं म्हणजे तीन तास, आणि तेवढा वेळ कुणालाच नसतो. मुलाला स्वतःच्या लेखनातली सगळ्यात आवडती एक ओळ अधोरेखित करायला लावा. तेवढीच वाचा, शेजारी एक प्रश्न लिहा. रोज बारा वह्या घेतल्या तर सोमवार ते शुक्रवारात वर्ग पूर्ण होतो. पहिल्या खर्ड्यावर शुद्धलेखनाचं लाल पेन चालवू नका, कारण दोन ऱ्हस्व-दीर्घ चुकले म्हणून झापलेलं मूल पुढच्या वेळी गाईडमधलंच उतरवतं. शुद्धलेखन दुसऱ्या खर्ड्यात, वेगळ्या दिवशी बघा.

हे जूनमध्ये सुरू करा, आणि शक्य असेल तर सातवी-आठवीत. दहावीत पूर्वपरीक्षेनंतर नवं काही आणू नका, तेव्हा वेळ लावून पूर्ण कृतिपत्रिका सोडवण्याचाच सराव हवा. पहिले तीन-चार आठवडे बरेचसे कागद कोरे येतील, किंवा 'बाई, नक्की काय लिहायचं?' असं विचारत मुलं रांग लावतील. नमुना उत्तर देऊ नका, नाहीतर पुन्हा साठ वह्यांत तेच येईल. कोरा कागद देणाऱ्याला शेजारी बसवून हळूच विचारा, 'शाळेत येताना आज काय दिसलं?' तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत तुम्ही एका ओळीत लिहा आणि कागद परत द्या. दुसरी ओळ त्याची.