दोन किलोचं वजन, चहाचा कप आणि युरेनियमचा बाण: नववीला कसं शिकवावं

खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत घनतेचा धडा चालू होता. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, टँकच्या गोळ्यात युरेनियम असतंय म्हणे. मग तो अणुबॉम्बच की ओ?" त्याचा भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीसाठी पहाटे धावतो, घरात ह्याच गप्पा. मी लगेच फळ्यावर समस्थानिकांचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचा, तक्ता काढला आणि अख्खा वर्ग झोपवला. तेव्हापासून तक्ता शेवटी.

आधी किराणा दुकानातून दोन किलोचं वजन मागून आणा. शेजारी १०० मिलिलिटरचा चहाचा कप ठेवा. कपभर पाणी १०० ग्रॅम, तेवढंच पोलाद ७८० ग्रॅम, शिसं ११३०, आणि युरेनियम जवळपास १९००. मग ते वजन एकेकाला उचलू द्या. इथे घाई करू नका.

आता सांगा, टँकचा हा गोळा म्हणजे युरेनियमचा लांब बाण, त्यात दारूच नसते. दारू तोफेत, मागे. ती बाणाला सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त वेगानं फेकते. नळी १२० मिलिमीटरची, बाण मात्र जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर जाड. म्हणून त्याच्याभोवती टरफल बसवतात आणि नळीबाहेर पडताच ते गळून जातं. भुईमुगाची शेंग फोडून दाखवली की पुरे.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ज्यांचे वडील कामाला आहेत, त्यांच्याकडून जुनी छिन्नी मागवा. हातोडा खाऊन खाऊन तिचं डोकं अळंबीसारखं फुललेलं असतं. टंगस्टनही युरेनियमइतकंच जड, पण पोलादात घुसताना त्याचं टोक असंच फुलतं आणि अडतं. युरेनियमच्या कडा कापल्यासारख्या निसटतात, टोक टोकदारच राहतं. शिवाय निसटलेले बारीक कण हवेत पेट घेतात. म्हणून टँकच्या आत आग लागते. अणुस्फोट कुठेच नाही.

मग उसाचं उदाहरण घ्या. निसर्गातल्या युरेनियममध्ये अणुभट्टीला हवं ते युरेनियम-२३५ हे समस्थानिक फक्त ०.७ टक्के. ते काढून घेतल्यावर उरतं ते डिप्लिटेड युरेनियम, त्यात ०.२ टक्क्यांच्या आसपास. रस काढलेलं चिपाडच म्हणा. बाणात वापरतात ते हेच. पण चिपाड म्हणजे निरुपद्रवी, असं पोरं लगेच धरून चालतात; तिथे थांबवा. किरणोत्सार सुमारे ४० टक्क्यांनी घटतो, संपत नाही. त्याचे अल्फा कण वहीचा कागदही अडवतो, पण धूळ श्वासातून आत गेली तर कागद कुठला मध्ये? आणि जड धातू म्हणून ते मूत्रपिंडाला विषारी, ते वेगळंच. खडू फळ्यावर घासून उन्हाच्या तिरिपेत धूळ दाखवा. १९९१ च्या आखाती युद्धात आणि १९९९ मध्ये कोसोव्होत हे गोळे वापरले गेले. तिथला वाद ह्याच धुळीचा आहे.

कुणीतरी विचारणारच, आपल्याकडे काय? आपल्या टँकचे बाण टंगस्टनच्या मिश्रधातूचे. तो तिरुचिरापल्लीच्या सरकारी कारखान्यात बनतो.

तास संपायच्या आत एवढं नक्की बजावा: भंगारात किंवा माळावर तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर उचलायचं नाही, लाथाडायचं नाही, पोलिसांना कळवायचं. त्यात युरेनियम नसेल, पण न उडालेली दारू असू शकते.