माजावरची कुत्री नराकडे न्यायची? नुसते दिवस मोजू नका
‘रक्त दिसल्यापासून 11व्या दिवशी न्या’ हा ठोकताळा सगळ्याच कुत्र्यांना लागू पडत नाही. एखादी 7व्या दिवशी तयार असते, एखादी पार 20व्या. घरी लक्ष ठेवा: लाल स्राव फिकट पिवळसर होतो, योनीची सूज मऊ पडते, शेपटीच्या मुळाशी खाजवलं की ती शेपूट बाजूला घेते. (रक्त थांबलं म्हणजे माज संपला, असं समजून बरेच जण नेमकी वेळ घालवतात.) नर लांबचा असेल तर 5व्या-6व्या दिवसापासून दर दोन दिवसांनी प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची रक्तचाचणी करून घ्या. पातळी मिलिलिटरला 5 नॅनोग्रॅमच्या आसपास गेली की बीजं सुटतात, पण ती पिकायला आणखी दोन दिवस लागतात. म्हणून मिलन बीजं सुटल्यानंतरच्या 2ऱ्या ते 4थ्या दिवसात.