ब्लू बेल्टनंतर जिऊ-जित्सू सोडावंसं वाटतंय? आधी हे करून बघा

ब्राझिलियन जिऊ-जित्सूत (जमिनीवरच्या कुस्तीसारखा खेळ) ब्लू बेल्ट, म्हणजे व्हाइटनंतरचा पट्टा, मिळाला की बरेच जण गायब होतात, कारण पुढचा पर्पल लांब असतो, आयबीजेजेएफच्या (या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमात मोठ्यांना ब्लूवर साधारण किमान 2 वर्षं काढावी लागतात आणि त्यात कालचा व्हाइट बेल्ट येऊन तुम्हाला चोक करून (गळा आवळून) जातो, मग डोकं फिरणारच ना. म्हणून महिनाभर टॅप (हार मानून थोपटणं) मोजूच नका. एकच गोष्ट धरा, समजा हाफ गार्डमधून (खाली असताना समोरच्याचा एक पाय आपल्या पायांत अडकवलेला) अंडरहूक घेऊन (त्याच्या काखेखालून हात घालून) वर येणं, रोज तेवढंच, बाकी हरलात तरी चालेल. अंग दुखत असेल तर ड्रिलिंग (एकाच डावाचा सराव) करा, रोलिंग (खरी झुंज) सोडा. आठवड्यात दोनच दिवस जा पण ठरलेले. आणि गी (सरावाचा पोशाख) आदल्या रात्रीच बॅगेत भरा (धुतलेला, प्लीज!).