रिमोट चालत नसेल तर आधी आडोसा शोधा

सांगलीत आमच्या घरी गणपतीचे मखर टीव्हीच्या कपाटालगत उभे राहते आणि अनेकदा पहिल्याच संध्याकाळी सेट-टॉप बॉक्स रिमोटला दाद देत नाही. अशा वेळी नवीन रिमोट आणायला धावण्याआधी थोडी तपासणी करावी.

खोलीत अंधार करून रिमोटचे टोक मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरावे आणि बटण दाबून ठेवावे. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला, तर रिमोटमधून अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, किरण बाहेर पडत आहेत असे समजावे. (मागच्या कॅमेऱ्यात अवरक्त किरण अडवणारी गाळणी बहुधा अधिक कडक असते, म्हणून तेथे काही न दिसल्यास घाईने निष्कर्ष काढू नये.)

बहुतेक रिमोटमधून सुमारे ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश निघतो. हा प्रकाशच असल्यामुळे भिंत, लाकडी फळी, जाड पुठ्ठा किंवा आपला तळहात त्याला अडवतो. मात्र जे डोळ्यांना आरपार दिसते तेच त्यालाही आरपार असेल, हा आडाखा चुकतो, आणि मखराच्या सामानात ही चूक हमखास होते. लाल किंवा हिरवा जिलेटीन कागद खोली अंधारी करतो, पण रिमोटचा प्रकाश त्यातून सहसा सुखरूप जातो. उलट, धातूचा मुलामा असलेला चंदेरी कागद अगदी पातळ असूनही बहुतांश किरण परतवून लावतो. काळ्या प्लॅस्टिकचे दोन प्रकार पडतात: बॉक्सवरच्या संकेत घेणाऱ्या काळपट खिडकीसारखे खास रंगद्रव्याचे प्लॅस्टिक किरण आत घेते, तर काजळी मिसळलेले प्लॅस्टिक ते शोषून घेते.

म्हणून संशयित वस्तूचा तुकडा रिमोटच्या टोकावर नीट गुंडाळून कॅमेऱ्यातला ठिपका पुन्हा पाहावा. तो दिसेनासा झाला, तर अडसर तोच.

शोकेसची साधी काच सहसा आड येत नाही. तिच्यावर साचलेला फोडणीचा चिकट थर व धूळ मात्र किरण विखुरतात. बॉक्स बंद करून ती काच आणि बॉक्सची खिडकी किंचित ओलसर मऊ फडक्याने पुसावी. पश्चिमेचे ऊन थेट बॉक्सच्या खिडकीवर पडत असेल, तर पडदा ओढावा, कारण उन्हातील अवरक्त प्रकाशापुढे रिमोटचा संकेत फिका पडतो.

सजावट हलवणे शक्यच नसेल, तर रिमोट समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे रोखून पाहावा; लहान खोलीत परावर्तित किरण बरेचदा पुरेसे ठरतात. आमच्याकडे चंदेरी झालरीची एक पट्टी चार बोटे वर सरकवताच बॉक्स चालू झाला.