अजब बंगल्याला निघण्याआधी

पहिलं काम, कॅलेंडर काढा आणि सगळे सोमवार खोडा. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, सोमवारी बंद असतो. मागे आम्ही सात जण नेमके सोमवारीच गेलो, कारण रविवारी गावचा बाजार आणि तो कोणालाच सोडवेना, आणि फाटकाचं कुलूप पाहून परत आलो. तेव्हा आधी बाजार पाहा, शाळेची सुट्टी पाहा आणि मुख्य म्हणजे वावर पाहा. कापसाचा वेचा भरात असताना निघालात तर मन बोंडातच राहतं, मार्च उलटला की नागपूरचं ऊन काही पाहू देत नाही. आम्हाला फेब्रुवारी मानवतो. तूर घरात आलेली असते, हरभरा घाट्यावर असतो.

ढोरांची सोय दोन दिवस आधी लावा. शेजारच्या काकूंना किल्ली द्यायची, कुटार कुठे आहे ते दाखवायचं, कोणती गाय शिंग उगारते ते सांगायचं, आणि दुपारी पाणी दाखवायची आठवण पुन्हा एकदा करायची. काकूंना ती लागत नाही, आपल्याला लागते.

आमच्या गावी एसटी रात्री मुक्कामी येते आणि पहाटे सुटते. तीच धरायची, म्हणजे हिंगणघाट-जाम-बुटीबोरी करत ऊन चढायच्या आत नागपूरच्या गणेशपेठ एसटी स्टँडला उतरता येतं. आधार कार्ड मूळचंच घ्या आणि प्रत्येकाचं ज्याच्या त्याच्या खिशात ठेवा. पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी फुकट आहे आणि बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट, पण मामाजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, वय कंडक्टरला चेहऱ्यावरून कळत नाही. ज्याला गाडी लागते त्याला खिडकी द्या, हातात संत्र्याची साल द्या, आणि एक पिशवी जवळच ठेवा.

शिदोरीत तिखट-मिठाच्या पुऱ्या, कोरडा ठेचा, गुळाची ढेप. रस्सा नको, दही नको. पुऱ्या आत जायच्या आधीच खाऊन घ्या. भुकेलं पोर चित्रासमोर दोन मिनिटंही टिकत नाही, आणि खायचं आत नेता येत नाही. पाण्याच्या बाटल्या दोन मोठ्या घेण्यापेक्षा चार लहान बऱ्या, ओझं वाटून जातं.

चपलांचं मात्र नीट ऐका. जाऊबाईंनी मागच्या खेपेला नव्या सँडल घातल्या आणि अर्धा दिवस त्या हातात घेऊन फिरल्या. फरशीवर तास-दोन तास उभं राहणं हे वावरात दिवसभर राबण्यापेक्षा वेगळंच दुखणं आहे. रोजची झिजलेली चप्पल घाला. लोक पायाकडे पाहत नाहीत, भिंतीकडे पाहतात.

चष्मे! मामाजींचे दोन आहेत, वाचायचा आणि लांबचा, आणि दोन्ही लागतात. लहान चित्रातली बारीक रेघ वाचायच्या चष्म्याशिवाय दिसत नाही. मोठं तैलचित्र जवळून नुसते रंगाचे थापे, पाच पावलं मागे सरलं की चेहरा होतो. काच चमकत असेल तर एक पाऊल बाजूला व्हा.

गणेशपेठहून ऑटो सरळ नेतो, पण पोरं असतील तर मेट्रोच. कॉटन मार्केट स्टेशनला बसायचं, सीताबर्डीला गाडी बदलायची, पुढचं झिरो माईल. तिथून सिव्हिल लाइन्समध्ये चालत. सुट्टे पैसे वेगळ्या बटव्यात ठेवा. फोटो काढता येतो का, हे दाराशीच विचारून घ्या. वहीला पेन नको, पेन्सिल द्या.

आता जे पिशवीत मावत नाही ते. आमच्या सासूबाई दरवेळी म्हणतात, "आमाले काय समजते बाई चित्रातलं?" ही लाज घरीच उतरवून निघावं लागतं, आणि त्याची तयारी आदल्या रात्री जेवताना होते. आम्ही प्रत्येकाला एक काम देतो. धाकट्याने चित्रात उजेड कुठून येतो ते शोधायचं. मोठीने मूर्तीचं काय तुटलंय आणि ते कुठे असेल ते सांगायचं. शिलालेखांच्या दालनात वाकाटक राजांच्या काळची अक्षरं दिसली तर प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर बारकी पेटी असते, ती मोजायचं काम यांचं, कारण यांना उभं राहून करायला काहीतरी लागतं. सासूबाईंना काम द्यावंच लागलं नाही. आदिवासी दालनात त्या स्वतःच बोलू लागल्या. ही टोपली कशी विणतात, हा दागिना कुणाच्या गळ्यात असायचा. दहा मिनिटं आम्ही त्यांचं ऐकत उभे होतो, आमच्या मागे आणखी चार अनोळखी लोकं.

थोडी माहितीही सांगून ठेवा, पण जाताना बसमध्ये. संग्रहालय १८६३ चं, मध्य प्रांताचे इंग्रज चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल यांच्या काळातलं. त्याच वर्षी स्टीफन हिस्लॉप हा पाद्री, दगड आणि जीवाश्म वेचत फिरणारा माणूस, टाकळघाटची दगडी वर्तुळं, म्हणजे फार जुन्या दफनांभोवती मांडलेले दगड, पाहून परतताना ओढ्यात बुडाला. टाकळघाट बुटीबोरीजवळच. गाडी तिथून जाताना सांगितलं की पोरं खिडकीला चिकटतात, आणि ही गोष्ट आपल्याच रस्त्यावरची आहे हे ऐकून मामाजीही झोपेतून उठतात.

सगळं पाहायचं नाही. शस्त्रं, पेंढा भरलेले प्राणी, नाणी, चित्रं एका दिवसात पोटात मावत नाहीत. तीन दालनं ठरवा, त्यात चित्रांचं पहिलं घ्या, पाय ताजे असतात तेव्हा. प्राणी शेवटी, नाहीतर पोरं तिथून हलत नाहीत. महाराजबाग त्यानंतर, आणि सीताबर्डीची खरेदी तर अगदी शेवटी. आम्ही एकदा उलटं केलं, आधी साड्या, मग संग्रहालय. चित्रांसमोर सगळे पिशव्या मांडून जमिनीवर बसले होते.

परतीच्या गाडीची वेळ सकाळी उतरल्याबरोबर चौकशी खिडकीवर विचारा आणि दोघांच्या मोबाइलमध्ये लिहून ठेवा. आणि संत्रा बर्फी अर्धा किलो, शेजारच्या काकूंसाठी, आपल्या पिशवीत नाही, वेगळ्या पिशवीत. बसमध्ये ती उघडली गेली तर पुढच्या वेळी ढोरांना पाणी कोण दाखवणार?